सॉसेजच्या विषाचा हिशेब ठेवणारा कवी

अर्धांगवायूचा झटका येऊन काही महिने उलटले की बऱ्याच रुग्णांचा हात कोपरात दुमडून छातीशी येतो. मूठ आवळली जाते आणि इतकी घट्ट राहते की नखे तळव्यात रुतून जखमा होतात. घरच्यांना ती मूठ धुण्यापुरतीही उघडता येत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पोटऱ्या अशाच आखडतात आणि मूल चवड्यांवर चालू लागते. या ताठरपणाला आम्ही डॉक्टर 'स्पास्टिसिटी' म्हणतो. तो सैल करणाऱ्या औषधांपैकी एक थेट आखडलेल्या स्नायूत टोचायचे असते. त्याचे नाव बोट्युलिनम टॉक्सिन. सुरकुत्या घालवणारे 'बोटॉक्स' म्हणून ते बहुतेकांनी ऐकलेले असते. रुग्णालयातले त्याचे काम वेगळे आणि जास्त जोखमीचे आहे, कारण मुळात ते विष आहे. माणसाला ठाऊक असलेल्या विषांपैकी सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते.

या विषाच्या बाधेचे पहिले संपूर्ण वर्णन करणारा, ते स्वतःच्या जिभेवर घेऊन पाहणारा आणि याचे कधीतरी औषध होईल असे छापून सांगणारा माणूस जर्मनीत आजही ओळखला जातो तो कवी म्हणून. त्याचे नाव युस्टिनुस केर्नर. रॉबर्ट शुमान या थोर संगीतकाराने १८४० मध्ये त्यांच्या बारा कवितांना चाली लावल्या आणि त्या आजही गायल्या जातात. पण ताठरलेल्या हातात बोट्युलिनमची सुई घालणाऱ्या डॉक्टराने केर्नर यांचे कवित्व बाजूला ठेवून त्यांची रोगटिपणे समजून घ्यावीत, असे मला वाटते. आज हे औषध देताना आम्ही जी खबरदारी घेतो, तिचा जवळजवळ सगळा कच्चा माल त्या टिपणांत आहे.

केर्नर यांचा जन्म १८ सप्टेंबर १७८६ रोजी नैऋत्य जर्मनीतल्या व्युर्टेमबर्ग राज्यात, लुडविग्सबर्ग इथे झाला. वडील सरकारी अंमलदार होते. लहानपणी युस्टिनुसला पोटाचा विकार जडला. खाल्लेले अन्न उलटून पडे. बरेच उपाय थकले आणि शेवटी एका डॉक्टराने त्या काळी 'चुंबकीय' म्हणवला जाणारा, अंगावरून हात फिरवण्याचा उपचार केला. आपण त्यानेच बरे झालो, अशी मुलाची खात्री पटली. ही खात्री त्यांना आयुष्यभर पुरली आणि पुढे तिने त्यांना भलतीकडेही नेले. १७९९ मध्ये वडील वारले, पैशाची चणचण आली आणि मुलाला कापडाच्या कारखान्यात लावण्यात आले. तिथे तो कापडाच्या पिशव्या शिवत बसे आणि मनातल्या मनात कविता करी. एका कवीवृत्तीच्या शिक्षकाने ओळख लावून दिली, म्हणून १८०४ मध्ये तो ट्युबिंगेनच्या विद्यापीठात पोचला. गावाच्या वेशीशी थकून डोळा लागला असताना इस्पितळाच्या खिडकीतून वाऱ्याने एक कागद उडत येऊन अंगावर पडला, पाहतो तर डॉक्टरांची चिठ्ठी, म्हणून आपण वैद्यक निवडले, असे केर्नर पुढे सांगत. कवीने सांगितलेली हकीकत आहे, तेव्हा थोडी सूट देऊन ऐकावी.

ट्युबिंगेनमध्ये आउटेनरीथ नावाचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांच्या रुग्णालयात १८०६ च्या सप्टेंबरात फ्रीडरिख ह्योल्डरलिन या महाकवीला मानसिक आजारासाठी आणले गेले आणि त्याच्या रोजच्या नोंदी ठेवण्याचे काम विद्यार्थी केर्नरकडे आले. पुढच्या वर्षी ह्योल्डरलिनला घरी सोडताना तो फार तर तीन वर्षे जगेल असा डॉक्टरांचा अंदाज होता. तो त्यानंतर ३६ वर्षे जगला. रुग्णाजवळ बसून जे दिसते ते लिहून ठेवायचे, ही सवय केर्नर यांना तिथे लागली असावी. १८०८ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी विल्डबाड, वेल्त्सहाइम, गाइलडोर्फ अशा छोट्या गावांत वैद्यकी केली आणि १८१९ मध्ये सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून ते वाइन्सबर्गला आले. सरकारी नोकरीतल्या डॉक्टरला कविता करायला वेळ कसा मिळायचा, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पण त्यांना तो मिळाला आणि संशोधनालाही मिळाला.

त्या प्रदेशात तेव्हा एक विचित्र रोग होता. डुकराच्या आतड्यात किंवा जठरात रक्त आणि चरबी भरून, उकडून, धुरावर टांगून सॉसेज करण्याची तिथे जुनी रीत आहे. हिवाळ्यात केलेला हा साठा वसंतापर्यंत पुरवून खायचा. १७९३ मध्ये विल्डबाडला असे सॉसेज एकत्र बसून खाल्लेले १३ जण आजारी पडले आणि त्यांपैकी सहा मेले. नेपोलियनच्या लढायांनी गरिबी वाढली, खेड्यांतल्या स्वयंपाकघरांची स्वच्छता ढासळली आणि असे प्रकार वाढत गेले. १८०२ मध्ये सरकारने धुरावलेल्या रक्त-सॉसेजपासून सावध राहा असा जाहीर इशारा दिला. पण सॉसेजमध्ये नेमके काय आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

केर्नर यांनी आपला पहिला रुग्णवृत्तान्त १८१७ मध्ये प्रसिद्ध केला. १८२० मध्ये ७६ रुग्णांवरचे पुस्तक आले आणि १८२२ मध्ये १५५ रुग्णांवरचे दुसरे. प्रयोगशाळा नाही, हाताखाली माणूस नाही, असा एक तालुक्याचा डॉक्टर घोड्यावरून खेड्यापाड्यांत हिंडून ही माहिती गोळा करत होता. कुठल्या घरात काय शिजले, सॉसेज जाड होते की बारीक, त्यात चरबी किती, पोकळी राहिली होती का, कोणी किती खाल्ले, कोण वाचले, हे सगळे त्यांनी विचारून घेतले.

त्यांनी लिहिलेला आजार असा. सॉसेज खाऊन काही तास, कधी दिवसभर काहीच होत नाही. मग उलट्या होतात, पोटात कळा येतात. त्यानंतर नजर धूसर होते, एकाची दोन दिसू लागतात, पापण्या आपोआप खाली येतात, बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला दाद देत नाहीत. तोंड कोरडे पडते. लाळ, अश्रू, घाम आटतात. आवाज बसतो. घास घशात अडतो, पाणी नाकातून परत येते. हातापायांतले बळ जाते. शेवटी छातीचे स्नायू थकतात आणि श्वास थांबतो. या सगळ्या काळात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला स्पर्श कळतो, बोललेले कळते, आपले काय होते आहे तेही कळते. ही शेवटची नोंद वाचताना आजही अंगावर काटा येतो. वैद्यकाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची होती, कारण तिच्यावरून केर्नर यांनी ताडले की हे विष मेंदूवर किंवा संवेदनांवर घाला घालत नाही. ते मज्जातंतूंकडून स्नायूंकडे आणि ग्रंथींकडे जाणारा हुकूम मधेच तोडते. गंज चढलेल्या तारेतून वीज जशी पुढे जात नाही, तशी स्थिती ते मज्जातंतूची करते, अशी उपमा त्यांनी दिली. काळ १८२२ चा. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन स्रवते आणि त्याने स्नायू आकुंचन पावतो, हे कळायला अजून शंभर वर्षे होती. बोट्युलिनम ते रसायन बाहेर पडूच देत नाही, हे तर त्यानंतर, विसाव्या शतकाच्या मध्यावर सिद्ध झाले.

विष कशात आहे हे शोधण्यासाठी त्यांनी खराब सॉसेजचा अर्क काढला आणि मांजरे, ससे, पक्षी, बेडूक, गोगलगायी, माश्या यांच्यावर वापरून पाहिला. मग काही थेंब स्वतःच्या जिभेवर घेतले. टाळू आणि घसा कोरडे पडले. डोस थोडा जास्त झाला असता तर पुढची ओळ लिहायला ते राहिले नसते. विष चरबीतून तयार होणारे आम्ल असावे, हा त्यांचा निष्कर्ष चुकला. जंतूंची कल्पनाच तेव्हा नव्हती, त्यामुळे तो चुकणे भागच होते. पण विष हवेशिवाय, बंद जागेत तयार होते आणि अत्यल्प मात्रेतही मारक असते, ही त्यांची दोन्ही निरीक्षणे बरोबर ठरली.

१८२२ च्या पुस्तकाच्या शेवटच्या भागात एक प्रकरण आहे, त्यात या विषाचे औषध होईल का याचा विचार आहे. जिथे मज्जासंस्था गरजेपेक्षा जास्त चेतवली गेली आहे, अंग आपोआप झटके घेते आहे किंवा स्राव वाजवीपेक्षा जास्त होत आहेत, तिथे हे अतिशय थोड्या मात्रेत दिले तर ती चेतना उतरेल, असे त्यांनी मांडले. हे सगळे अजून गृहीतक आहे, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकले. आपल्या कल्पनेला एवढ्या स्पष्टपणे कल्पना म्हणणारे संशोधक थोडेच.

पुढची गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतरची. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले आणि त्यांपैकी तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून हवेशिवाय वाढणारा जंतू वेगळा काढला. सॉसेजला लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणतात, त्यावरून जंतूला नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हे विष शस्त्र म्हणून शुद्ध स्वरूपात मिळवण्याची खटपट झाली. त्या कामातले एडवर्ड शँट्झ यांनी पुढे ते ॲलन स्कॉट या सॅन फ्रान्सिस्कोच्या नेत्रतज्ज्ञांना पुरवले. स्कॉट यांना तिरळेपणासाठी डोळ्याचा एक स्नायू शस्त्रक्रियेविना सैल करायचा होता. १९८९ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली आणि २०१० मध्ये प्रौढांच्या हातातल्या स्पास्टिसिटीसाठीही मिळाली. केर्नर यांचे गृहीतक खरे व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

आता त्या लक्षणांच्या यादीकडे पुन्हा पाहा. आम्ही हे औषध मनगटाच्या किंवा पोटरीच्या स्नायूत टोचतो आणि ते तिथेच राहावे अशी अपेक्षा करतो. बहुतेक वेळा राहते. कधी कधी मात्र ते दूर पसरते, आणि मग रुग्णात दिसते ते केर्नर यांनी लिहिलेलेच: पापणी उतरणे, दोन-दोन दिसणे, आवाज बसणे, गिळताना ठसका, दम लागणे. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा तक्रारींची छाननी केली. त्यात हातापायांच्या ताठरपणासाठी इंजेक्शन घेतलेली सेरेब्रल पाल्सीची मुले होती, काही मृत्यूही होते. २००९ मध्ये या औषधाच्या प्रत्येक ब्रँडच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा छापणे सक्तीचे झाले. ही लक्षणे इंजेक्शननंतर काही तासांत दिसू शकतात किंवा काही आठवड्यांनीही. म्हणून रुग्णाला घरी पाठवताना घास अडकू लागला, आवाज बदलला किंवा श्वासाला त्रास झाला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ताबडतोब या, हे सांगावे लागते. ते मी रुग्णापेक्षा त्याला भरवणाऱ्या माणसाला सांगतो, कारण ठसका आधी त्याच्याच लक्षात येतो.

इंजेक्शनच्या आधीचे प्रश्नही त्याच यादीतून निघतात. रुग्णाला आधीपासून गिळायला त्रास आहे का? वारंवार न्यूमोनिया होतो का? अर्धांगवायूच्या आणि सेरेब्रल पाल्सीच्या कित्येक रुग्णांना हे असतेच, आणि औषधही त्यांनाच द्यायचे असते, ही खरी अडचण. अशा रुग्णात मात्रा हात राखून द्यावी लागते, कधी न देणेच बरे. मायस्थेनियासारखा, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्याचा आजार असेल तर धोका कितीतरी वाढतो. जेंटामायसिन, अमिकासिन या जातीची अँटिबायोटिक इंजेक्शने चालू असतील तरी वाढतो, कारण तीही त्याच सांध्यावर ताण आणतात. म्हणून आधीच्या औषधांची पिशवी टेबलावर उलटी करून पाहण्याला पर्याय नाही.

मात्रेचा मामला तर आणखी नाजूक. हे औषध मिलिग्रॅममध्ये मोजत नाहीत, युनिटमध्ये मोजतात. ठरावीक उंदरांपैकी निम्मे मरतील एवढे विष म्हणजे एक युनिट. प्रत्येक कंपनीची मोजण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे एका ब्रँडचे १०० युनिट म्हणजे दुसऱ्याचे १०० नव्हेत. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव न लिहिता नुसते युनिट लिहिणे किंवा दुकानात मिळाला तो ब्रँड त्याच आकड्याने टोचणे, यातून मोठी चूक होऊ शकते. मुलांमध्ये वजनावरून हिशेब करायचा आणि एकाच वेळी दोन्ही हात-पाय टोचायचे असतील तर सगळ्या स्नायूंची बेरीज मर्यादेत ठेवायची. कुपी फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. सलाइन घालून औषध तयार केले की ते २४ तासांच्या आतच वापरायचे. कुपी महाग असते, म्हणून उरलेले पुढच्या आठवड्यासाठी जपून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा.

परिणाम दोन-चार दिवसांनी दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. मधेच गुण ओसरला असे वाटून लवकर पुन्हा टोचणे योग्य नाही. सहसा १२ आठवडे थांबतात. शिवाय रुग्णाच्या घरच्यांना न पटणारी एक गोष्ट आहे: सगळाच ताठरपणा घालवायचा नसतो. ज्याच्या पायात ताकद उरलेली नाही, तो माणूस पुष्कळदा त्या ताठ पायाच्या आधारावरच उभा राहतो. तो सैल केला की माणूस खाली बसतो. तेव्हा सुई हातात घेण्यापूर्वी तळवा स्वच्छ ठेवायचा आहे, सदरा घालता यायला हवा आहे की टाच टेकायची आहे, हे ठरलेले हवे. स्नायू वर्षानुवर्षे आखडून कायमचा आखूड झाला असेल तर हे औषध त्याला लांब करत नाही. आणि त्या तीन महिन्यांत व्यायाम, ताण देणे, पट्टी बांधणे झाले नाही तर पैसे वाया.

तोंडाने घ्यायच्या गोळ्या जास्त सुरक्षित असतात, असा एक समज आहे. बॅक्लोफेनने झोप येते, मूत्रपिंडे कमजोर असतील तर ते अंगात साठते, आणि महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केले तर झटके, भास, ताप असे गंभीर प्रकार होतात. गोळी संपली म्हणून चार दिवस थांबलो, हे वाक्य त्यासाठीच ऐकायला नको वाटते. टिझानिडीनने रक्तदाब उतरतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर ती अजिबात द्यायची नसते.

केर्नर यांना यातले काही पाहायला मिळाले नाही. १८२२ मध्येच त्यांनी वाइन्सबर्गला घर बांधले आणि ते घर पाहुण्यांनी भरून वाहू लागले. कवी यायचे, राजेरजवाडे यायचे, फाटके प्रवासीही यायचे. त्यांची पत्नी फ्रीडेरीके सर्वांना जेवू घालायची. गावाच्या टेकडीवर एक पडका किल्ला होता. बाराव्या शतकात वेढा पडला तेव्हा तिथल्या बायका आपापल्या नवऱ्याला पाठीवर घेऊन बाहेर पडल्या, अशी त्याची आख्यायिका आहे. किल्ल्याचे दगड लोक घरे बांधायला नेत होते. केर्नर यांनी गावातल्या स्त्रियांचे मंडळ उभे करून तो वाचवला आणि भिंतींच्या खिंडारांत वाऱ्याने वाजणाऱ्या वीणा बसवल्या.

विषाचा अभ्यास मात्र मागे पडला. लहानपणीची ती चुंबकीय उपचाराची खात्री वर आली. १८२६ पासून फ्रीडेरीके हाउफे नावाची आजारी, भूतप्रेते दिसणारी तरुण स्त्री त्यांच्या देखरेखीखाली होती. तीन वर्षांनी ती वारली आणि तिच्यावरचे त्यांचे पुस्तक प्रचंड गाजले. १५५ रुग्णांची शांत, तोलून केलेली नोंद लिहिणाऱ्या माणसाने भुताखेतांच्या नोंदीही तितक्याच निष्ठेने ठेवल्या. त्यात त्यांना दुटप्पीपणा दिसला नाही, मला दिसतो. त्यांची टिंगलही झाली, तरी घराचे दार कुणाला बंद झाले नाही.

उतारवयात दृष्टी गेली. १८५१ मध्ये नोकरी सोडावी लागली आणि १८५४ मध्ये पत्नी वारली. नीट दिसत नसल्याने लिहिताना कागदावर शाईचे डाग पडत. कागद दुमडला की त्या डागाच्या दोन सारख्या बाजू होत. केर्नर त्यांत चेहरे, फुलपाखरे, पिशाच्चे पाहत आणि खाली चार ओळी लिहीत. शाईच्या डागांवरून मनाची चाचणी घेणारे रोरशाख पुढे विसाव्या शतकात आले. २१ फेब्रुवारी १८६२ रोजी केर्नर वाइन्सबर्गलाच वारले. डागांचे ते पुस्तक १८९० मध्ये निघाले. त्यांचे घर आता संग्रहालय आहे, आणि वाइन्सबर्गच्या द्राक्ष संशोधन संस्थेने १९२९ मध्ये दोन जातींच्या संकरातून तयार केलेल्या पांढऱ्या द्राक्षाला केर्नर यांचे नाव आहे.